समुद्राची पाळ

गोंदियाहून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र दिसायच्या आधी आगगाडीत अंग आंबून जाते. आमच्या भागातल्या बहुतेकांनी तो नकाशातसुद्धा पाहिलेला नाही, कारण नकाशाही पाहिलेला नाही. अशा ठिकाणी राहून समुद्राच्या लाटांपासून एक भिंत वाचवण्याची नोकरी मी वीसएक वर्षे केली. भिंत वाचली नाही. पगार मात्र वेळेवर मिळत गेला.

या वार्षिकाच्या संपादकांनी सार्वजनिक कार्यात आयुष्य घालवलेल्या लोकांच्या आठवणी मागवल्या, तेव्हा मी नकाराचे पत्र लिहून ठेवले होते. ते टपालात पडायच्या आत भाद्रपदात देवाजी गेला. त्या भिंतीची खरी हकिगत सांगू शकेल असा आता माझ्याखेरीज कोणी उरला नाही, आणि माझाही काही भरवसा नाही, म्हणून लिहायला बसलो. एका बैठकीला एका परिच्छेदापलीकडे हात चालत नाही. वाचकांनी घाई करू नये.

आधी भिंत कसली ते सांगतो. रेल्वे येण्यापूर्वी आमच्या झाडीपट्टीतले लोक जगन्नाथाला पायी जात. निघताना घरच्यांचा निरोप घेत तो परत न येण्याच्या तयारीनेच. या यात्रेकरूंसाठी नागपूरकर राजांच्या अमदानीत कोणा एका बाईने पुरीच्या किनाऱ्यावर, वस्तीपासून थोडी बाजूला, एक धर्मशाळा बांधली. बाईचे नाव आज कोणाला माहीत नाही, कारण तिने पाटी लावली नाही. तिची ही चूक पुढे आमच्या कमिटीने भरून काढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. धर्मशाळेच्या पुढे समुद्राच्या अंगाला दगडी भिंत होती आणि भिंतीच्या आडोशाने वाळूत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. भिंतीला मध्ये भगदाड पडले होते. भिंत गेली की पायऱ्या जाणार, पायऱ्या गेल्या की ओसरी, एवढे साधे गणित होते.

ही धर्मशाळा आपल्या लोकांची, तेव्हा तिचा जीर्णोद्धार आपण करावा, असे एका गणेशोत्सवात व्याख्यानाच्या भरात कोणी तरी बोलून गेले. टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांतून कमिटी झाली. अध्यक्ष रावसाहेब. ते मालगुजार होते, त्यांच्या नावावर गावे होती आणि गावांतले तलाव होते. खजिनदार सेठजी. त्यांची तांदळाची गिरणी आणि बिडीचा कारखाना होता. कायदेशीर सल्ल्यासाठी एक वकील घेतले. आणि प्रत्यक्ष फिरून वर्गणी आणायला शाळेतल्या मास्तरकीवरून मला उचलले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि मी फारसा बोलत नसे. माझा पगार निधीतूनच व्हायचा. त्या निधीतला सगळ्यांत नियमित खर्च तोच.

बाहेरच्या माणसाला वाटते, वर्गणी मागणे म्हणजे हात पसरणे. तसे नाही. हा शेतीसारखा ऋतू बघून करायचा धंदा आहे. धान उभे असताना शेतकऱ्याकडे जाऊ नये. तो आभाळाकडे बघत असतो, तुमच्याकडे बघणार नाही. मळणी आटोपल्यावर जावे, पण लग्नसराई लागायच्या आत. उंबऱ्यावर उभे राहून मागू नये, कारण उंबऱ्यावरून माणसाला परत लावणे सोपे असते. आत जावे, बसावे, प्यायला पाणी मागावे. ज्याने पाणी दिले त्याला लगेच नाही म्हणणे जड जाते. शेजाऱ्याचे नाव घ्यावे, पण त्याने काय दिले ते सांगू नये, कल्पनेने माणूस जास्त देतो. आणि कोरा कागद कधी पुढे करू नये. पहिल्या ओळीत एक भरभक्कम आकडा हवा, म्हणजे खालचे सगळे त्याच्याकडे बघून आपापली पायरी ठरवतात. आमच्या कागदावर तो पहिला आकडा रावसाहेबांचा असे. तो त्यांनी दिला का, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

देणारे नाना तऱ्हांचे. पैसा क्वचित, धान फार, आणि धानात खडे किती यावरून भक्ती किती ते कळे. वाघनदीपलीकडच्या एका मालगुजाराने घोडा दिला. पांढराशुभ्र, उंच, आणि उजव्या डोळ्याने आंधळा. त्यामुळे तो नेहमी डावीकडेच वळे. गोंदियाच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळेना, कारण दुकाने दोन्ही बाजूंना असतात. सेठजींच्या गिरणीच्या आवारात तो बांधला, आणि निधीच्या खर्चाने कोंडा खात राहिला. त्या वर्षी धर्मशाळेला जे लागायचे ते सगळे त्याच्या अंगी लागले. देणारा मालगुजार अधूनमधून येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवी आणि मला विचारी, काम कुठवर आले. घोडा मेल्यावर त्याने एकच मागणी केली. पाटीवर त्याच्या नावापुढे ‘अश्वासह’ असे कोरावे.

पाटीचे सांगायलाच हवे. भिंतीला दगड कुठून आणायचा हा विषय कमिटीपुढे आला तेव्हा सेठजी म्हणाले, ‘मास्टरजी, दीवार को तो समुंदर खा जाएगा. नाम का पत्थर दिखेगा, तो आदमी देगा. पहले पत्थर.’ हे सर्वांना पटले. जयपूरकडून संगमरवराची भली मोठी शिळा आली. कोरणारा कारागीर बोलावला. त्याने ओळी आखल्या आणि खालच्या ओळीपासून सुरुवात केली, कारण वरची नावे अजून ठरायची होती. रावसाहेबांना आपले नाव सर्वांत वर हवे होते. सेठजींना वर नको होते, फक्त सख्ख्या भावाच्या खाली नको होते. वकिलांनी तोड सुचवली की नावे वर्तुळात कोरावीत, म्हणजे कोणी वर नाही आणि कोणी खाली नाही. त्यावर वर्तुळाच्या माथ्यावर कोण, यावर दोन बैठका मोडल्या. कारागीर कंटाळून गावी निघून गेला. जाण्याआधी त्याने कोरलेली शेवटची ओळ तेवढी शिळेवर राहिली: ‘यांच्या उदार आश्रयाने’. वर सगळे कोरे. ती शिळा अजून सेठजींच्या गोदामात आहे. ओल लागू नये म्हणून तिच्यावर तांदळाची पोती रचतात. तिच्या आश्रयाने तांदूळ तरी कोरडे राहतात.

आता देवाजी.

त्याचे गाव सौंदडहून बैलगाडीच्या वाटेवर. तो कोहळी. कोहळ्यांनी आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, आणि तलावाची मातीची भिंत, म्हणजे पाळ, राखणे हा त्यांचा धर्म. देवाजी गावचा पाणकर होता, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत कधी सोडायचे ते ठरवणारा. बांधी म्हणजे धानाचे बांध घातलेले शेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उन्हाळ्याचे दिवस होते आणि पाळीवर माती पडत होती. घरटी एक माणूस, डोक्यावर एक टोपली. मी धंद्याच्या नियमाप्रमाणे आधी पाणी मागितले, प्यायलो, आणि मग समुद्र, लाटा, भिंत असे सगळे नीट समजावून सांगितले. देवाजीने ते शेवटपर्यंत ऐकले.

‘मास्तर, येक सांगा,’ तो म्हणाला. ‘त्या तलावाचं पानी कोनाच्या बांदीत जाते?’

मी म्हणालो, तो तलाव नाही, समुद्र आहे.

‘तेच म्हनून रायलो जी. कोनाच्या बांदीत जाते?’

कोणाच्याच नाही, पाणी खारट असते, असे मी सांगितले. टोपल्या वाहणारे थांबले. खालून कोणी तरी म्हणाला, ‘मंग फुटू द्या ना. कायले बांदून रायले?’

पाळीवर हशा पिकला. मी वर्गणीच्या धंद्यात अनेक नकार ऐकले होते, पण इतका बिनतोड नव्हता. त्यांचा नियम असा की ज्याच्या बांधीला तलावाचे पाणी, त्याच्या घरची टोपली पाळीवर पडलीच पाहिजे. टोपली नाही त्याला पाणी नाही. आणि ज्याला पाणी नाही, त्याची टोपली कोणी घेतही नाही, मग तो मालगुजार का असेना. मालगुजाराला अर्थात हा नियम फार सोयीचा वाटे. तलाव त्याच्या नावावर, माती लोकांच्या डोक्यावर. मी ओशाळून, काही तरी करावे म्हणून, जवळची एक टोपली उचलायला वाकलो. देवाजीने ती माझ्या हातातून काढून घेतली.

‘राहू द्या मास्तर,’ तो म्हणाला. ‘तुमच्या बांदीले पानी नाही.’

त्यात अपमान नव्हता. शाळेत ज्याचे नाव नाही त्याची हजेरी घेत नाहीत, तसेच ते होते.

मी निघणार एवढ्यात मोहाच्या झाडाखाली बसलेल्या म्हातारीने हाक मारली. ती देवाजीची आई, भिवराबाई. पुरीचे नाव तिच्या कानावर गेले होते. तिने एकच विचारले, ‘पायऱ्या हायेत का अजून?’

देवाजी रांगत होता तेव्हा तिचा नवरा गावच्या सोबतीने पायी पुरीला गेला. तिथे त्याला पटकी झाली. सोबत्यांनी त्याला धर्मशाळेच्या तिसऱ्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसवले आणि तो तिथेच गेला. घाबरलेल्या सोबत्यांनी वाळूत जाळले आणि परत फिरले. पिंड कोणी दिला नाही. गावात सगळे विधी झाले, पण भिवराबाईच्या मते ते पोचले नाहीत, कारण माणूस तिथे आणि पिंड इथे. तो अजून त्या पायरीवर पाय खाली सोडून बसला आहे आणि कोणी ऊठ म्हटल्याशिवाय उठणार नाही, हे ती ऊन पडले आहे म्हणावे इतक्या सहज सांगे. आयुष्यात तिला एवढेच करायचे राहिले होते, तिथे जाऊन त्याला उठवणे.

मी सांगितले, पायऱ्या आहेत. कमिटी भिंत बांधते आहे. भिंत झाली की धर्मशाळा उघडेल, उतरायला जागा होईल, मग सावकाश चला. ती म्हणाली, पायरी राहीन तोवर मी राहीन. भिंतीचं तुमी पाहा.

त्यानंतर दर वर्षी मी त्या गावी जात असे. वर्गणी एक दाणा मिळाली नाही, पण जेवण मिळे, आणि देवाजी नावाचा मित्र मिळाला. मला पुस्तके वाचण्याची खोड. त्याला मी वाचलेले सांगावे आणि त्याने ते खोटे पाडावे, असे आमचे चाले. दर वर्षी मोहाखालून तोच प्रश्न येई, आणि कमिटीने शेवटच्या बैठकीत जे ठरवले असेल ते मी सांगे. एकदा ठरले होते की अंदाजपत्रक मागवावे. एकदा, की आलेले अंदाजपत्रक फार आहे, दुसरे मागवावे. एकदा, की वर्तुळ रद्द करून पुन्हा ओळी घ्याव्यात. म्हातारी प्रत्येक वेळी मान डोलावी. तिची मान वर्षागणिक अधिक डोलू लागली, आणि पुढे तर मी काही न सांगताच डोलू लागली. देवाजी ते बघे आणि मग माझ्याकडे बघे.

शेवटी कमिटीने ठरवले की समक्ष पाहणी करावी. रावसाहेब, सेठजी, वकील आणि मी निघालो. ते वरच्या वर्गात, मी सामानाच्या जवळ. पुरीला पोचल्यावर आधी दर्शन झाले, मग जेवण, मग वामकुक्षी, आणि ऊन उतरल्यावर कमिटी वाळूत आली. फोटोग्राफर ठरवलेला होता. तिघांनी पडक्या भिंतीवर हात ठेवला आणि दूर क्षितिजाकडे पाहिले. तेवढ्यात एक लाट येऊन रावसाहेबांचे नवे बूट भिजवून गेली. त्यांनी मागे सरकत मला सांगितले की हे टिपून ठेवा. रात्री मी अहवालात लिहिले की समुद्राची वर्तणूक समाधानकारक नाही. तो वाक्यप्रयोग त्यांना फार आवडला. दुसऱ्या दिवशी शिंपले आणि प्रसादाची खाजा मिठाई घेऊन कमिटी परत फिरली. पुन्हा एकदा पाहणी करणे जरूर आहे, असा ठराव झाला.

मी मात्र तिथे जे पाहिले ते देवाजीला जाऊन सांगितले. भिंतीचे भगदाड आता बैलगाडी जाईल एवढे आहे. लाटा सरळ पायऱ्यांवर येतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की पायऱ्या राहणार नाहीत. कमिटीचे काय ठरले ते त्याने विचारले नाही. बराच वेळ पाळीवरचे गवत उपटत बसला.

‘माती कशी हाये तिकडं?’

मी म्हणालो, माती नाहीच, नुसती वाळू.

‘वाळूची पाळ कोन करते,’ तो म्हणाला. ‘माती इथून न्या लागन.’

मला वाटले तो थट्टा करतो आहे. तो करत नव्हता. त्याच दिवशी त्याने गाव जमवले. कोणी तरी अपेक्षेप्रमाणे नियम काढला, की त्या पाण्याने आपली कोणाची बांधी भिजत नाही, तर टोपली कशाची टाकायची. देवाजी उभा राहिला. ‘माहा बाप त्या पान्यावर बसला हाये,’ तो म्हणाला. ‘म्हंजे आमची येक बांदी तिकडं हाये. माही टोपली तं पडनच. जो माह्या बापाले मानते, त्यानं यावं.’ वकिलांना मी अनेक युक्तिवाद करताना ऐकले आहे. गावाने यावर हरकत घेतली नाही, एवढे खरे.

उन्हाळ्यात, गाळ उघडा पडल्यावर, तलावाच्या पोटातली काळी चिकणमाती खणून पोत्यांत भरली आणि घरटी एक माणूस निघाला. सौंदडच्या ठेसनावर पार्सलबाबूने पोती पाहून विचारले, क्या माल है? माती, असे उत्तर आले. कुठे जाणार? समुद्रावर. बाबू जुना माणूस होता. त्याने तांदूळ, मोहफुले, लाख, तेंदूची पाने, एकदा तर जिवंत अस्वलसुद्धा नोंदवले होते, पण समुद्राला माती नेणारे लोक पाहिले नव्हते. त्याच्या दरांच्या पुस्तकात तो माल सापडेना. किंमत काय लावायची, वाटेत फुटली तर भरपाई कशाची, या विचाराने त्याला घाम सुटला. शेवटी त्याने ती ‘खत’ म्हणून लिहिली आणि आम्ही सुटलो. गोंदियाला गाडी बदलताना फलाटावर सेठजी भेटले, बिडीची खोकी रवाना करायला आले होते. त्यांनी पोत्यांकडे पाहिले, भिवराबाईला पाठीवर घेतलेल्या देवाजीकडे पाहिले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मास्टरजी, इसमें कमिटी की मंजूरी है?’

मी म्हणालो, माती कमिटीची नाही.

इतक्या वर्षांत त्यांना मी दिलेले हे एकच उत्तर. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले जणू तो आंधळा घोडा एकदम उजवीकडे वळला आहे.

समुद्र पहिल्यांदा पाहून माणसे काय करतात हे मी पुस्तकांत वाचले होते. हात जोडतात, गहिवरतात वगैरे. आमच्या मंडळींनी पोती खाली ठेवली आणि पाळीकडे बघतात तसे डोळे बारीक करून काठ न्याहाळला. देवाजी किनाऱ्याने बराच लांब चालत गेला, थोडा खाली, थोडा वर. तो काय शोधतो आहे ते मला कळले तेव्हा मी तोंड फिरवले. तलावाला पाणी सोडायचे जे दार असते, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते तो शोधत होता. परत येऊन त्याने आईला सांगितले, ‘याले तुडूमच नाही व माय.’

भिवराबाईने डोळ्यांवर हात धरून पाणी पाहिले. मग म्हणाली, ‘येवढं पानी, आन येकाची बांदी नाही भिजत. मालगुजाराचाच तलाव दिसते.’

मी आजवर वाचलेल्या समुद्राच्या वर्णनांत मला हे अजून बसवता आलेले नाही.

ओहोटी लागली तसे काम सुरू झाले. भगदाडात आधी पडलेले दगड रचले, त्यावर वाळूची पोती, आणि पोत्यांवर आमची काळी माती ओतून पायांनी तुडवली. तिथले कोळी टोकदार टोप्या घालून हसत भोवती जमले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने आपल्या भाषेत काही सांगितले, ते आम्हाला कळेना, तेव्हा त्याने छातीवर हात आडवा धरून दाखवला, पाणी इथवर येते. देवाजीने त्याला आदराने नमस्कार केला आणि माती तुडवत राहिला. भरती-ओहोटीची हकिगत मीही सांगून पाहिली. चंद्र पाणी ओढतो म्हणालो. देवाजी म्हणाला, ‘चंद्राले कायची बांदी हाये?’ पुस्तकात होते ते खरे होते, पण त्या उन्हात ते बोलताना माझे मलाच पोकळ वाटले. मग मी बोलणे सोडले आणि एक टोपली उचलली. त्या दिवशी मला कोणी अडवले नाही.

दिवस मावळायच्या सुमारास तिथे चक्क पाळ उभी होती. आमच्या गावची असावी तशी, उतार धरलेली, माथा चोपून सपाट केलेली, काळीभोर. समोर अख्खा समुद्र. इतके हास्यास्पद आणि इतके देखणे काम मी दुसरे पाहिलेले नाही. भरती आली तेव्हा पाणी पाळीला लागले, चढले, मातीतून पाझरू लागले. मंडळींनी कोणी काही न सांगता पाळीला आतून पाठ लावली. गावचा तलाव फुटायला आला की लावतात तशी. कोळ्यांचे हसणे थांबले. त्यांतले दोघे-तिघे येऊन आमच्या माणसांच्या शेजारी उभे राहिले.

उजाडले तेव्हा ओहोटी होती आणि पाळ खचलेली, पण जागेवर होती. तिच्यामागे पायऱ्या कोरड्या होत्या. पिंडासाठी बोलावलेल्या पंड्याने गोत्र विचारले, ते कोणाला सांगता येईना, मग त्याने आपल्या अंदाजाने एक लावून दिले. भिवराबाईला देवाजीने तिसऱ्या पायरीवर बसवले. तिने पिंड ठेवला. मंत्र संपायची वाट तिने पाहिली नाही. शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळून, भांडण मिटवताना बायका बोलतात त्या आवाजात ती म्हणाली, ‘उठा आता. पाय गार पडले असन.’

मग तिने हात वर केला आणि देवाजीने तिला उचलले.

पुढच्या भरतीला दुपारी पाळ गेली. एकदम नाही. आधी माथा, मग एक कड, मग सगळी. तांबूस-काळे पाणी किनाऱ्याने लांबवर पसरले आणि घटकाभर समुद्र आमच्या तलावासारखा दिसला. देवाजी पायरीच्या वर उभा राहून बघत होता. गावचा पाणकर जसा सांगतो तसे तो म्हणाला, ‘फुटली.’ मग सगळ्यांनी रिकामी पोती झटकून घडी घातली, कारण पोती कामाची वस्तू आहे.

त्या पावसाळ्यात पायऱ्या गेल्या. पुढे ओसरीही गेली. भिवराबाई त्यानंतर दोन हिवाळे पाहून गेली, आणि या काळात तिने मला भिंतीचे एकदाही विचारले नाही.

रावसाहेबांना ही हकिगत कळली तेव्हा ते रागावतील असे वाटले होते, पण ते खूश झाले. वार्षिक अहवालात त्यांनी मला लिहायला सांगितले की कमिटीच्या प्रेरणेने तात्पुरत्या संरक्षक बांधाचे काम पूर्ण झाले. मी लिहिले, ‘पूर्ण होऊन वाहून गेले.’ त्यांनी शेवटचे तीन शब्द खोडले. कमिटी अजून आहे. लढाईच्या काळात गोंदियाजवळ बिरसीला विमाने उतरायची धावपट्टी झाली, भाताच्या शेतांत. त्यासाठी ना व्याख्यान झाले, ना पाटी आली, ना कोणी घोडा दिला. तेव्हा वाटले, खरोखर बांधायचे असते ते कमिटीकडे देत नाहीत. कमिटीने मात्र त्या साली नेहमीप्रमाणे दोन बैठका घेतल्या. ज्या धर्मशाळेचा जीर्णोद्धार करायचा ती आता जागेवर नाही, हे मी एकदा बैठकीत मांडले. वकील म्हणाले, त्याने निधीच्या उद्देशाला बाध येत नाही. मग मी नोकरी सोडली. वयही झाले होते.

देवाजी गेल्याचे कळताच कमिटीने दुखवट्याचा ठराव करायचे ठरवले आणि सवयीने मसुदा माझ्याकडे पाठवला. शिळेवर अजून जागा आहे, नाव घालता येईल, असा निरोपही आला. मी मसुदा कोराच परत केला आणि सौंदडची गाडी धरली.

त्या गावात पाणकर गेला की दहाव्या दिवशी घरटी एक टोपली माती पाळीवर पडते. तलाव तुडुंब होता, पाळीवरची वाट निसरडी. ज्यांच्या बांधीला पाणी ते सगळे ओळीने आपली टोपली टाकून बाजूला होत होते. मी मोहाखाली उभा होतो, जिथे म्हातारी बसायची तिथे. त्या गावात इतकी वर्षे जेवलो, पण त्या ओळीत माझे काम नव्हते, आणि मला त्याचे काही वाटत नव्हते.

ओळ संपली. देवाजीचा मुलगा, आता पाणकर तोच, भरलेली टोपली घेऊन माझ्याकडे आला आणि ती माझ्या पायाशी ठेवली. मी म्हणालो, ‘अरे, माझी बांधी नाही.’

‘हाये जी,’ तो म्हणाला. ‘बाप सांगून गेला. मास्तरची येक बांदी समुद्रावर हाये.’

माती ओली होती आणि माझ्याच्याने ती डोक्यावर घेववेना. त्याने एका बाजूला हात लावला. आम्ही दोघांनी मिळून ती पाळीवर नेली आणि टाकली, आणि मी चपला काढून ती पायाने चोपली.